शहाण्णव टाक्यांचा गळपट्टा

१ नोव्हेंबर
ताई महिनाअखेर लेकीकडे राहायला जाणार. कायमची. तिकडे बर्फ पडतो म्हणे. जेवताना हिला सांगून टाकलं, ताईला गळपट्टा मी विणून देणार. स्वतःच्या हातानं. हिला ठसका लागला.
हसू दे. वीस वर्षं लोकांना ड्रायव्हिंग शिकवतोय. क्लच, ब्रेक, आरसे आणि घाबरलेला माणूस, सगळं एकदम सांभाळतो. एक सुई नि एक धागा म्हणजे किस झाड की पत्ती!
ताई जाणार याचं मला तसं काही वाटत नाही. माणसं जातात. फोन असतात.

२ नोव्हेंबर
राखाडी लोकर आणली. दुकानातल्या बाईंनी विचारलं, पहिल्यांदाच करताय का? नाही म्हणालो. त्यामुळे जे विचारायचं होतं ते विचारताच आलं नाही.
क्रोशाच्या सुईला भोक नसतं, टोकाला आकडा असतो. हे घरी येऊन कळलं.

३ नोव्हेंबर, सकाळी ७
व्हिडिओ बघितला. गळपट्टा गोल, डोक्यातून घालायचा. अंगावर उठावाच्या फुगीर चौकटी. खाली ‘बिगिनर’ लिहिलंय. जरा अपमानच वाटला. शहाण्णव साखळ्या घालायच्या, टोकं जोडायची, मग नुसत्या गोल गोल फेऱ्या. संध्याकाळपर्यंत दहा फेऱ्या उरकतो.

रात्री ८
साखळ्या अकरा. व्हिडिओतली बाई विनाकारण घाई करते.
ही म्हणाली, दाखवू का? हिने घरभर पडदे विणलेत. म्हणालो, पडदे वेगळे.

६ नोव्हेंबर
साखळी पूर्ण. तीनदा मोजली. चौऱ्याण्णव, नव्याण्णव, शहाण्णव. शेवटचा आकडा धरला.

९ नोव्हेंबर
टाक्यांची नावं कळली. खांब, अर्धा खांब, मुका खांब. हिला समजावून सांगत होतो. ही म्हणाली, “अहो, विणताना तरी मुका खांब व्हा.”
दोन फेऱ्या झाल्या. वीण इतकी घट्ट आलीय की सुई आत जाताना करकरते. मजबुती म्हणतात याला.

१२ नोव्हेंबर
ताईचा फोन. कपाटं आवरायला येतोस का? म्हणालो, कामात आहे. तुझ्याच कामात आहे हे सांगितलं नाही. सरप्राइज आहे.
तिच्या घरी जाऊन रिकामी कपाटं बघण्यापेक्षा इथं बसून विणणं जास्त उपयोगाचं. हा सरळ हिशोब आहे, भावनेचा प्रश्न नाही.

१४ नोव्हेंबर
वेळ पुरत नाही. तोडगा काढला. शिकवताना विणायचं. माझ्या बाजूला ब्रेक आहेच, हात मोकळेच असतात.
आज नर्सबाई होत्या. रिटायर झाल्यावर गाडी शिकताहेत. टेस्टमध्ये तीनदा नापास, गाडी मागे घेताना दरवेळी खांबाला लावतात. सिग्नलला थांबल्यावर माझ्या मांडीकडे बघून म्हणाल्या, “सर, दर फेरीला तुमचा एक टाका निसटतोय.”
म्हणालो, पुढे बघा.
शिकाऊ माणसाची नजर भटकते ती अशी.

१७ नोव्हेंबर
लोकरीचा गुंडा मांडीवरून घरंगळला, ब्रेकखाली गेला. तो काढायला मी खाली वाकलो. वर येऊन बघतो तर नर्सबाईंनी दोन गाड्यांच्या मधे गाडी उलटी अशी लावली होती की टाचणी जाणार नाही. कुठेही न ठोकता!
माझ्या पद्धतीला फळ येतंय.

२० नोव्हेंबर
सोळा फेऱ्या. एका बाजूनं काम निमुळतं होत चाललंय. आधी दचकलो. मग लक्षात आलं, माणूसही खांद्यांशी रुंद नि मानेशी अरुंद असतो. डिझाइनमध्येच असणार.
नर्सबाई म्हणाल्या, चाळीस वर्षं माणसं बघितली, पण डोकं मानेच्या वरच असतं नि घालायचं त्याच्यातूनच आहे. उसवा.
त्यांना म्हणालो, मी विद्यार्थ्यांना एकच शिकवतो, घाबरून रिव्हर्स घ्यायचा नाही.
ताईचे दोन मिस्ड कॉल.

२३ नोव्हेंबर
नर्सबाई पास! आभार मानायला आल्या. म्हणाल्या, “गेले आठ-नऊ दिवस तुम्ही ओरडला नाहीत ना सर, म्हणून जमलं.”
नम्र बाई. सगळं श्रेय मला दिलं.

२५ नोव्हेंबर
गळपट्टा तयार! शेवटची फेरी मोजली. एकसष्ट. पस्तीस टाके कुठे गेले देव जाणे.
घालून बघितला. भुवयांशी अडकला. काढायला हिला बोलवावं लागलं. माझं डोकं मुळातच मोठं आहे. ताईचं लहान. शिवाय लोकर ताणली जाते.
ही म्हणाली, अजून तीन दिवस आहेत, दोघं मिळून नवा करू. नको म्हणालो. ताईला सांगायचंय की मी केला.

२६ नोव्हेंबर
दिवसभर धाग्याची टोकं आत लपवत होतो. टोकं दोनच. ताईचा फोन वाजला, पण हात गुंतलेले.

२८ नोव्हेंबर
सकाळी दोघं ताईकडे गेलो. भिंतींवर फोटो काढल्याचे चौकोन. दोन बॅगा दाराशी. ताई म्हणाली, “उगवलास का शेवटी! महिनाभर कुठे होतास?”
उत्तर म्हणून गळपट्टा पुढे केला. मी केला, म्हणालो. ताईनं उलटा केला, सुलटा केला, टाक्यांवरून बोट फिरवलं. चष्मा काढून गळपट्टा डोक्यातून घातला. कपाळावर अडकला. तिनं ओढला, मी ओढला, हिनंही ओढला. म्हणालो, ताणला जाईल. ताईचे केस तेवढे ताणले गेले.
शेवटी ताईनं तो काढला, स्टुलावर बसली, साडी जराशी वर घेतली आणि तो पायात घालून उजव्या गुडघ्यावर चढवला. वर मांडीशी रुंद, खाली अरुंद. जसं काही मापच घेतलेलं.
“बसला रे!” ताई म्हणाली. “थंडीत हाच जास्त ठणकतो. कसं कळलं तुला?”
मी घसा खाकरला. माणसाचं निरीक्षण असावं लागतं, असं काहीतरी म्हणालो. ही खिडकीबाहेर बघत होती. खांदे हलत होते.
ताईनं माझा हात धरला नि बराच वेळ सोडला नाही. मीही सोडला नाही. मग टॅक्सी आली. आत बसून काच खाली करत ती म्हणाली, “डाव्याचा लवकर पाठव हं. अगदी अस्साच.”
हो म्हणालो.
घरी येऊन सुई हातात घेतली. शहाण्णव साखळ्या नीट झाल्या. पहिली फेरी झाली, मोजली, शहाण्णव. दुसरी, शहाण्णव. तिसरीही शहाण्णवच.
चुकत कसा होतो, तेच आठवत नाही.