लोर्नाचं केळवण

७ नोव्हें., शुक्र.
समोरच्या फ्लॅटमधली फिलिपिनो लोर्ना सलूनची नोकरी सोडतेय! परत मनिलाला चालली, कायमची. नेलपॉलिशच्या बाटल्या, ड्रायर, तो लाल फ्रॉक, सगळं मैत्रिणींना वाटून टाकलं. फोनवर आईशी रडारड. विचारलं तर नुसती हसते. यात न कळण्यासारखं काय आहे? लग्न! आईला मुलगा पसंत नसणार. म्हटलं, पुढच्या शुक्रवारी केळवण माझ्याकडे. केळवण म्हणजे काय हे तिला कुठलं माहीत, जेवण म्हटल्यावर लगेच "हाँ ताई".

१४ नोव्हें., शुक्र.
पाटावरचं तूप आत्ता कुठे पुसून झालं.
रांगोळी, उकडीचे मोदक, हिरवा चुडा, ओटी, सगळं साग्रसंगीत. माझ्या नवऱ्याने, अनिलने, गजरासुद्धा आणला. बया हरखून गेली. मोदक पाहून म्हणे, आमच्याकडे पण नारळ-गूळ-तांदूळ. मग मी हौसेने म्हटलं, चल, आता नवऱ्याचं नाव घे.
"किसका नाम, ताई?"
"अगं, ज्याच्याशी लग्न करतेस त्याचं!"
"शादी नहीं, ताई. कॉन्व्हेंट. मैं नन बनेगी."
अनिलला ठसका लागला. मी पळी घेऊन तशीच उभी. तूप पाटावर सांडलं. नन? ही? माझ्या भुवया कोरताना गाण्यावर नाचणारी?
ओटी भरून झाली होती. आता काय परत घ्यायची?

१५, शनि.
सकाळीच गाठलं तिला. म्हटलं, कुणी फसवलं का? प्रेमभंग? काही नाही म्हणे, लहानपणापासून मनात होतं.
मग तिच्या आईच्या आजीच्या मावशीची गोष्ट सांगितली. तिकडे स्पॅनिश राज्य होतं तेव्हाची. नन व्हायचं म्हणून मठाच्या दाराशी गेली. आत म्हणाले, तू इथली, सावळी, तुला नन होता येणार नाही. मागच्या दाराने ये, धुणं धुवायला राहा हवं तर. राहिली. जन्मभर गोऱ्या नन्सचे झगे धुतले, स्वतःच्या अंगावर एकदाही नाही. मेली तेव्हाही नाही.
"मैं सामने के दरवाज़े से जाएगी, ताई."
रागच आला. त्या मेलेल्या बाईपायी जित्या आईला रडवायचं?

१९, बुध.
तिच्या आईचा व्हिडिओ कॉल, मला! नंबर लोर्नानेच दिला. बाई माझ्या आईसारखीच दिसते, फक्त पदर नाही. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, ती तुला मोठी बहीण मानते, तुझं ऐकेल, थांबव. एकच लेक. "नन झाली की केस कापणार. त्या केसांना मी लहानपणापासून खोबरेल लावलंय."
"बघते," म्हटलं. काय बघते, डोंबल!

२१, शुक्र.
लोर्ना आली ती कात्री घेऊनच. केस इथेच कापून जायचे म्हणे. सलूनमधल्या मुली हात लावायला तयार नाहीत, रडतात. "ताई, आप करो."
मी किंचाळलेच. अगं, आमच्याकडे पूर्वी बाईचे केस कधी काढायचे माहीत आहे का? शुभ नाही ते!
"मेरे लिए शुभ है." शांतपणे. हातात माझा हिरवा चुडा तसाच.
अनिल म्हणतो, तू यात पडू नकोस. आता पडायचं काय राहिलंय? केळवण मीच केलं.
कात्री देवघरापाशी ठेवून गेली. उद्या सकाळी न्हायच्या आधी येते म्हणाली. तिच्या आईचे दोन मिस्ड कॉल. उचलले नाहीत.
खोबरेलची वाटी काढून ठेवलीय. कापायचं की नाही ते नाही सांगता येत. आधी तेल तर लावते.