ओलाव्याचा रकाना

कामठा, बुधवार संध्याकाळ, डिसेंबर २००५

तांदळाचा एक दाणा दाताखाली धरून बसले आहे. वाजत नाही. नीट वाळलेला दाणा कट्‌कन तुटतो, हा नुसता दबतो.

सकाळी मिलमध्ये धान वाळवणाऱ्या जनाबाईने हेच करून पाहिलं. म्हणाली, "मॅडम, वला आहे. जहाजात महिनाभर राहिला का बुरशी धरते. काऊन भरून राहिले?" मी शेठना सांगितलं. ते म्हणाले, "बँक चावल नहीं देखती, कागज़ देखती है।"

खोटं नाही ते. एलसीचा, म्हणजे बँकेच्या पतपत्राचा, नियमच तसा. कागद अटींप्रमाणे असले की परदेशातल्या खरेदीदाराची बँक पैसे देते, गोणी उघडून पाहत नाही. बी.कॉम.ला हे उत्तर मी पाठ केलं होतं. पण तपासनीस कोऱ्या दाखल्यांवर सह्या करून जाईल आणि ओलाव्याचा आकडा मी भरेन, हे कुठल्या पुस्तकात होतं? आजही भरला. अटीत चालेल तेवढाच. नसता भरला, तरी शेठनी दुसऱ्या कुणाकडून भरून घेतलाच असता. घेतला असता ना?

दाणा अजून तोंडात आहे. मऊ झालाय.

ट्रक निघून गेल्यावर जनाबाई पुन्हा टेबलापाशी आली. तिला वाचता येत नाही. "कागदावर लिवलं ना तुमी, वला आहे म्हणून? मंग घेणारा वाळवून घेईल."

मी हो म्हणून मान हलवली. ती निश्चिंत होऊन घरी गेली.