कारणाचा रकाना

धरमतर, ता. पेण
१८ सप्टेंबर १९९९

चि. नम्रता,

तुला आणि जावईबापूंना आशीर्वाद. इकडे सगळी ठीक आहेत, हे आधी लिहून टाकते.

आठवीनंतर तुझी शाळा थांबली, त्या सकाळी मी टाकीवरून दोन हंडे पाणी आणलं, भाकऱ्या थापल्या, निवट्या राख लावून साफ केल्या. तू दारात बसून जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून नवी वही शिवत होतीस. शाळा सुरू व्हायला दोन दिवस होते. "आये, नववीला भूमितीचं पुस्तक येगलं असतं," तू म्हणालीस. मी म्हटलं, "असंल." मासळी धुतलेलं पाणी अळवात ओतलं आणि लुगडं बदललं. कुठे निघालीस, असं तू विचारलं नाहीस.

हे आज का लिहिते, ते पुढे येईलच. आधी इकडचं. भात पोटरीला आलंय. यंदा खाडीचं पाणी बांध फोडून आत आलं नाही. आपला दीड दिवसाचा गणपती चौदाला पोचवला. तुझा जितेशदादा ठेकेदाराकडे जातो, बोलावतील त्या दिवशी. गेल्या महिन्यात नऊ दिवस बोलावलं. दहावीला तो दोनदा बसला, पुढचं तुला ठाऊक आहे. केरूकाकाचा गुडघा दुखतो, तरी होडी सोडत नाही. तू त्याची चौकशी कधी करत नाहीस, म्हणून मीच लिहिते.

तुझं पत्र मिळालं. ऑगस्टच्या बावीस तारखेलाच मिळालं. पुढच्या वर्षी रोह्याला अंगणवाडीत बाया घेणार, त्यांना दहावी पास हवी, बाहेरून परीक्षेला बसायचं तर शाळेचा दाखला हवा, फॉर्मची शेवटची तारीख पंधरा सप्टेंबर. सगळं नीट वाचलं. सासूबाईंनी या एका वर्षापुरतंच हो म्हटलंय, तेही वाचलं. त्याच्याखाली तू रेघ मारली होतीस.

दाखला पेटीत होता. तो आणला तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. तू सासरी गेल्यावर तुझी आठवीची पुस्तकं घरात राहिली, ती घेऊन मी जितेशला विचारत एकेक शब्द लावत बसायचे, म्हणून आज लिहिते. पण दाखला कधी उघडला नव्हता. तुझं पत्र आल्यावर उघडला. तुझं नाव, जन्मतारीख, वर्तणूक चांगली. खाली शाळा सोडण्याच्या कारणाचा रकाना आहे. त्यात लिहिलंय, आईच्या अर्जावरून.

तुला मी सांगितलं होतं, काका नको म्हणतो.

नमू, काका नको म्हणाला नव्हता.

जितेश त्या वर्षी नववीत दुसऱ्यांदा नापास झाला आणि तू आठवीत पहिली आलीस. नववीचा वर्ग एकच. धक्क्यावरची पोरं त्याला म्हणायची, "काय रे जित्या, आता बहिनीच्या वहीत बघून लिवनार ना?" तो हट्टाला पेटला. "ती वर्गात असंल तर मी जानार नाय." डोलवीला तेव्हा कंपनीचं बांधकाम चाललं होतं. पोरगा दहावी करून आयटीआय झाला की तिथे कायम लागणार, असं आपल्याकडे सगळ्यांनी मनानेच धरलं होतं. कंपनीतून आम्हाला तसं कुणी सांगितलं नव्हतं. शेजारची कृष्णाबाई तर आधीच चिडवायची, "काशे, पोराचा पगार सुरू झाला का तू पंख्याखाली बसशील गो. आमाला वलख तरी देशील काय?" मी हसायचे. पण तुझे बाबा गेल्यापासून माझ्या डोक्यात तो पगार सोडून काही नव्हतं.

केरूकाका म्हणाला, "वैनी, पोरीला शिकव. डोकं तिला हाय. जितूला मी होडीवर घेतो."

मी म्हटलं, "तिचा पगार कुनाच्या घरात जाईल?"

"जाऊ दे कुनाच्याबी. पगार तर व्हईल."

मी ऐकलं नाही. तुला फी नव्हती, मुलींना नव्हतीच. पैशापायी काढलं, असंही मला म्हणता येत नाही. जितेश शाळेत जावा, म्हणून तू नसायला हवी होतीस. हेडमास्तर म्हणाले, "बाई, पहिली आलेली मुलगी काढता?" मी म्हटलं, "घरात ठरलंय." अर्ज शिपायाने लिहिला. अंगठा मी दिला.

घरी आले तर तू इतकी रडलीस की माझ्या तोंडून काकाचं नाव निघालं. तो पडवीत जाळं सांधत होता. त्याने ऐकलं, मान वर केली नाही. लग्नात तू त्याच्या पाया पडली नाहीस, तेव्हा मी त्याला म्हटलं, खरं काय ते सांगून टाकते. तो म्हणाला, "नको. माजा राग करते तर करू दे. तिला आय तरी राहील."

दाखला धाडला की तू तो रकाना वाचणार, एवढंच मनात. रोज म्हणायचे, उद्या धाडते. जितेश पेणला जाईल तेव्हा देते. गणपती होऊन जाऊ देत. पंधरा तारखेला मी शेतावर गेले नाही. पेटीजवळ बसून राहिले. पाच वाजले, आता फॉर्म घेणं बंद झालं असेल, तेव्हा उठले. सासूबाई पुढच्या वर्षी हो म्हणणार नाहीत, हे मला समजतं. तेव्हाही समजत होतं.

माफ कर, असं मी लिहिणार नाही. काकाला मात्र एक ओळ लिही. त्याला वाचता येत नाही. तू लिहिशील तेच मी वाचून दाखवीन.

सोळा तारखेला मी एसटीने पेणला गेले आणि दाखल्याच्या दोन झेरॉक्स काढून आणल्या. मूळ दाखला सोबत आहे.

म्हणशील तर,
आई