कादंबरी, गाण्याच्या नावानं

२२ नोव्हेंबर १९९९, सांगवी
आज ठरलं. छापील पुस्तक मेलं. प्रकाशक त्याआधीच मेलेत. ‘प्रतीक्षाघन’ थेट जगात सोडायची. फायली वाटायचं नवीन सॉफ्टवेअर आलंय. आपण फाइल शेअर करायची, जगात कुणीही उचलायची. मधे संपादक नाही, टपाल नाही, तालुका नाही.
कादंबरीत एक माणूस दीडशे पानं चहाची वाट बघतो. मराठीची एवढी तयारी नाही, पण मी थांबू शकत नाही.
तात्यांना सांगितलं. वडील असले तरी ऊस आणि दूध यांच्यापुढं मजल नाही. म्हणाले, लोणी देवकरच्या कंपनीत साखर कारखान्याच्या आप्पासाहेबांनी शब्द टाकलाय. स्टोअर क्लार्क. वीस डिसेंबरला हजर व्हायचं.
मी हसलो. मग म्हणाले, बरं, घरातलं सोडून एक माणूस दाखव, ज्यानं तुजं हे शेवटपर्यंत वाचलंय. त्याच्या तोंडनं ऐकू दे मला. मग वर्षभर बस लिहीत, मी तोंड उघडणार न्हाय.
एक! सहा अब्जांतला एक! म्हाताऱ्याची दया आली.

२३ नोव्हेंबर
मोडेम किंचाळतो, लागतो, तुटतो. निदान: अमेरिकेचा सर्व्हर कमकुवत.

२५ नोव्हेंबर
तेच. मोडेमच्या सगळ्या सेटिंग्ज बदलल्या. विंडोज नव्यानं टाकलं. त्यात राजलक्ष्मीचा कॉलेजचा प्रोजेक्ट उडाला. रडत बसली. सायन्सला जाते आणि साधी फ्लॉपी काढून ठेवत नाही! असल्या बहिणी.

२६ नोव्हेंबर
कारण सापडलं: मुक्ताकाकू. स्वयंपाकघरात त्याच लाइनवर दुसरा फोन आहे. बहिणीचा फोन आला का बघायला ती सारखी रिसीव्हर उचलते. म्हणाली, आत कोन तर शिट्ट्या मारतंय रं. मीच म्हनलं त्याला, बोला की, लाजताय कशाला.
फोन काढून कपाटात टाकला. काकूनं अबोला धरला. उत्तम, शांतता वाढली.

२९ नोव्हेंबर
जोडलो गेलो! पण शेअरच्या यादीत कादंबरी दिसेना. फोल्डर बदलले, सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. शेवटी हेल्प वाचण्याइतकं खाली उतरावं लागलं. हे सॉफ्टवेअर फक्त गाणी घेतं. अमेरिकेची सांस्कृतिक पातळी.

३० नोव्हेंबर
उपाय: फाइलच्या नावापुढं एमपीथ्री लावलं. आता मशीनला ती गाणं वाटते. पण ‘प्रतीक्षाघन’ नावाचं गाणं कोण शोधणार? लोक गाढव आहेत हे धरून नाव दिलं: ‘बारामती वरात धमाल’. हा डावपेच आहे, तडजोड नाही.

४ डिसेंबर
डाउनलोड सुरू! वाचक तुटून पडलेत. राजलक्ष्मी म्हणाली, दादा, ती मान्सं गानं समजून घेत्यात. मी म्हणालो, वाचक कुठल्या दारानं येतो याला महत्त्व नाही. म्हणाली, जातो कुठल्या दारानं ते बघ.

५ डिसेंबर
सॉफ्टवेअरच्या चॅटमध्ये अभिप्राय आले. ‘गाणं वाजत नाही.’ ‘फाइल खराब आहे.’ एकानं सरळ आई काढली. प्रत्येकाला सूचना पाठवल्या: वर्डमध्ये उघडा, मराठी फॉन्ट निवडा, पहिल्या चाळीस पानांत घाई करू नका. एकानंही उत्तर दिलं नाही. विचारात पडले असणार.

११ डिसेंबर
आला! बुद्धघोष नावाचा. रोमनमध्ये लिहितो, पण काय लिहितो! ‘लेखकराव, वरातीचं गानं म्हनून घेतलं, आत कादंबरी निघाली. ऑफिसात काम नसतं, सगळी वाचली. एकशे बारा पानावर आदीचाच उतारा परत आलाय. मुद्दाम का?’
मुद्दाम नव्हता. आता आहे.

१२ डिसेंबर
दुपारी चॅट. योगायोग बघा: बुद्धघोष लोणी देवकरच्या त्याच कंपनीत स्टोअर क्लार्क! सोलापूरच्या बँकेत लागलाय. पण बदली माणूस आल्याशिवाय कंपनी सोडत नाही, आणि बँक तारीख वाढवून देत नाही. घरच्यांनी पेढेसुद्धा वाटलेत. कुणीतरी सांगवीचं पोरगं येणार म्हणून रोज गेटकडं बघत बसतो.
मी लिहिलं, ते पोरगं मीच! आणि सगळं फोड करून सांगितलं. उद्या तात्यांना फोनवर एवढंच सांग, पूर्ण वाचली. की मला तिथं यायलाच नको.
त्यानं दोनदा विचारलं, ‘मग तुमी येनारच न्हाय?’ भारावला असणार. मग आलं, ‘लावा की फोन.’
क्लार्क असून एवढी जाण.

१३ डिसेंबर
बुद्धघोष कोण, बँकेत कसा लागलाय, सगळं तात्यांना सांगितलं आणि फोन लावून हातात दिला. मी रिसीव्हरला कान लावून. तात्यांनी विचारलं, व्हय रं बाळा, आमच्या रणजितची कादंबरी वाचली म्हनं तू?
बुद्धघोष म्हणाला, कादंबरी? न्हाय बा तात्या. गानं घेतलं हुतं वरातीचं. वाजलंच न्हाय.
तात्या म्हणाले, असू दे, असू दे. बँकंचं कधी हाय तुझं? पोरगं वीसला धाडतो बघ. दोघं मग पावसापाण्याचं बोलत बसले.
निदान: लाइन खराब. प्रश्न नीट ऐकू गेला नसणार.

२० डिसेंबर, लोणी देवकर
हजर झालो. अनुभव म्हणून. बुद्धघोषनं गेटवरच मिठी मारली. स्टोअर दाखवता दाखवता हळूच म्हणाला, राव, शेवटचं पान म्या दोनदा वाचलं. काटा आला अंगावर.
मी म्हणालो, मग तात्यांना का नाही सांगितलं?
म्हणाला, सांगितलं असतं तर तुमी आज हितं असता का? आन मी तिकडं?
मी म्हणालो, निदान लिहून तरी दे, तात्यांना दाखवतो. म्हणाला, देतो की, त्यात काय. आदी चार्ज घेतल्याची सही करा.
केली. बाहेर हॉर्न वाजला. तो बॅग उचलून पळाला.
माझा सगळा वाचकवर्ग एसटीत चढताना मला खिडकीतून दिसला.