कोणाले सांगू नका

११ जून
गेल्या साली मिरचीले भाव भेटला, म्हणून आज तिघं आले. वेगवेगळे. तिघंही फाटक लोटून कानाशी वाकले, "मिरचीची रोपं देजा, पण कोणाले सांगू नका." नाई सांगत. कोणी काय नेलं ते बोलायचं नाई, हा बाबाच्या वेळपासूनचा आमच्या रोपांच्या धंद्याचा नेम.

१९ जून
मिरचीचे ट्रे संपले. सारा तालुका मिरचीच लावून राहिला, आन् हरेकाले वाटते आपण एकटेच हुशार. टमाटरच्या साली असंच झालं होतं. शेवटी ढोरायनं खाल्ले टमाटर.

२४ जून
आसगावहून जावई आले. विनोदभाऊ. यंदा धान नाई, धानाच्या बांध्या फोडून सारी मिरची म्हणे.
"मामाजी, आणखी कोणी नेली काय?"
"थोडीफार."
थोडीफार! पोटच्या पोरीच्या घरच्याशी खोटं बोललो. चहा पाजला, रोपं गाडीत भरून देली. थू माझ्या जिंदगीवर.

१४ डिसें.
आसगावले गेलो. मिरची झाडालेच लाल होऊन राहिली. बाजारात व्यापारी पोत्याकडं पाहत नाई, तोडाईची मजुरी निघत नाई. पोरगी सुजाता एकटीच तोडत होती. हात इतके जळतात का लेकराले घेता येत नाई. ते रडत होतं, मीच घेतलं.
"बाबा, तुमाले मालूम होतं ना?"
लेकराले घेऊन बांधावर गेलो. तिनं पुन्हा विचारलं नाई. विनोदभाऊ नागपूरले कामाले जातो म्हणतात. म्हणे, एक हंगाम आणखी पाहीन, मंग बिऱ्हाड हलवीन.

२ जून
यंदा वांग्याले भाव. पुन्हा कानात तेच. आज डोस्कंच फिरलं. फाटकावर पाटी टांगली, खडूनं लिहिलं: वांगी, एवढ्या एकराची रोपं बुक. नावं नाई लिहिली.
बायको म्हणे, "येड लागलं काय? धंदा बुडवता."
बुडू दे.

५ जून
पाटी वाचून वांगी सगळ्यायनं रद्द केली. ट्रे पडून हायेत. तरी आज पोटभर जेवलो. विनोदभाऊ पाटीपुढं लय वेळ उभे होते, मंग गेले.

९ जून
सकाळपासून आठ जण. हरेकाचं तेच, "मिरची मागं बुडाली, यंदा कोणी लावणार नाई. मले देजा. कोणाले सांगू नका."
आठवे विनोदभाऊ.
पाटी पुसून मिरची लिहाले खडू घेतला. पण मंग उद्या हे आठही जण कायच्या मागं धावतील? भेंडीच्या?
सुजाता लेकरू घेऊन गाडीवरून उतरली. म्हणे, "त्यायच्या मिरचीचं राहू द्या. तुमी सांगा बाबा, आमी काय लावावं?"
सारा तालुका माझ्या कानात बोलते, आन् पोरीनं काय लावावं ते मले सांगता येत नाई. बसा म्हटलं. मांडवात बसून हायेत दोघं अजून.