आमच्या दारावर भलताच मयत

यांबोल, मंगळवार

ती. राद्कावन्सं यांस,

तुमच्या भावजयीचा, रुम्यानाचा नमस्कार. गुडघा आता जिने चढू देतो का? मी बरी आहे. जेवते.

शनिवारी बोगोमिलना जाऊन सहा महिने होतील. रिवाजाप्रमाणे त्यांचा फोटो आणि प्रार्थनेची वेळ छापलेला कागद इमारतीच्या दारावर डकवला. दुसऱ्या दिवशी पाहते तो त्यावर दुसराच कागद, दुसराच मयत! इस्क्रेन मालचेवच्या कादंबरीवरचा सिनेमा आमच्या दारात निघतो आहे आणि त्यातला मेलेला नवरा आमच्या इमारतीत राहतो म्हणे.

मालचेवची पुस्तकं मी वाचलेली नाहीत, सगळी ऐकली आहेत. (बोगोमिल जेवताना मोठ्याने वाचत, हे तुम्हाला ठाऊकच आहे.) प्रत्येकात नवरा मरतो आणि खून बायकोनेच केलेला असतो. शेवटचं पान संपलं की बोगोमिल एकदा सूपकडे बघत, एकदा माझ्याकडे, आणि मग आणखी एक वाडगा मागत. सिनेमे त्याहून वाईट. पुस्तकात मुरंब्यात विष कालवणारी बाई पडद्यावर हेलिकॉप्टरमधून गोळ्या झाडते. "मग मुरंबा कोणी ढवळायचा?" असं बोगोमिलनी भर थेटरात विचारलं, तेव्हा आम्हाला बाहेर काढलं होतं.

असो. आमच्याकडची माणसं किल्ली काढण्याआधी दार वाचतात. तळमजल्यावरच्या गेन्काने नटाचा फोटो पाहून हंबरडा फोडला, "टीव्हीवरचा तो देखणा गेला गं!" आणि मृताच्या नावाने वाटायचे गहू शिजवून दारापाशी ठेवले. बाकीच्यांनी फुलं आणली, मयताला द्यावी तशी सम संख्येत. बोगोमिलना एक पाकळी नाही. शनिवारी चर्चमध्ये मी आणि पाद्री दोघंच उरणार, हे मला दिसू लागलं.

तेवढ्यात तो नटच चीज भरलेली बनित्सा खात आला. गेन्का त्याच्या अंगावर धावली. "तू मेलास ना? मग गिळतोस काय?"

"मावशी, मी शनिवारपर्यंतच मेलोय."

"मग माझे गहू परत दे!" (ते त्याने आधीच खाल्ले होते.)

मी नखाने वरचा कागद खरवडू लागले. एक टोपीवाला म्हणाला, "बाई, तो सिनेमाचा आहे."

"खालचा माझा आहे," मी म्हटलं.

टोपीवाला म्हणजे खुद्द मालचेव. मी विचारलं, तुमच्या बायकांना नवरे मारण्यापलीकडे काही उद्योग नाही का? तर म्हणतो, "नवरा गेला की बायका सुटल्यासारख्या दिसतात. मी दिसतं ते लिहितो." मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि टोपी काढली. खालच्या फोटोकडे बोट करून म्हणाला, "यांचाच फोटो दारावर राहू द्यायचा का? आमचा नट काही केल्या मेलेला वाटत नाही." मी साफ नाही म्हटलं. माझ्या नवऱ्याला तुमच्या बाईच्या हातून पुन्हा मारून घेणार नाही म्हटलं, आणि वर निघून आले.

निदान तुम्ही तरी शनिवारी या.

तुमची,
रुम्याना

ता.क. संध्याकाळी खाली जाऊन मी हो म्हटलं. अट एकच: शनिवारी सिनेमाच्या सगळ्या मंडळींनी आधी चर्चमध्ये यायचं, मालचेवसकट, मेणबत्ती हातात धरून. त्याने मान्य केलं. हे कळल्यापासून गेन्का आणि सगळी इमारतही येते म्हणते आहे.

ता.क. दुसरा. येताना द्राक्षाच्या मांडवाखाली ते हसताहेत तो फोटो आणा. मी लावला आहे तो ओळखपत्रावरचा. त्यात ते खुनी दिसतात, आणि या सिनेमात ती जागा बायकोची आहे.