पूजेत बसवलेली पॅडची मशीन पोरींच्या बाथरूमात लावण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी साहेब,
शिक्षण विभाग, नागपूर

अर्जदार : मेघा नागसेन गजभिये, वय १६, शाळा सोडलेली

विषय : शाळेतली पॅडची मशीन सरस्वतीच्या फोटोखालून काढून योग्य जागी लावण्याबाबत.
संदर्भ : माझी लहान बहीण प्रीती, वर्ग आठवा, हिनं कालपासून शाळेत जायले देलेला नकार.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज करते की (इथपर्यंत झेरॉक्सवाल्यानं सांगितलं, पुढचं माझं आहे),

१. शाळेचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर जोडलं आहे. काहून की मी लिहून राहिली आणि दुकानातले चार जणं वाचून राहिले.

२. जूनमधी शाळेत पॅडची मशीन आली. नारळ फुटला, फोटो निघाले. बाथरूमची भिंत ओली म्हणून मशीन ऑफिसात लावली, सरस्वतीच्या फोटोखाली. तेही चाललं असतं. पण खंडेनवमीले चपराशी नत्थूजीनं शाळेतल्या सगळ्या मशिनींची पूजा केली. पाण्याची मोटर, कॉम्प्युटर आणि हीसुद्धा. हळद-कुंकू, झेंडूचा हार. आम्ही तेव्हा दीक्षाभूमीवर होतो, नाहीतर तिथंच थांबवलं असतं.

३. आता नत्थूजी म्हणतात, "पूजेतली वस्तू हाय, पाळीवाल्या पोरीनं हात नाही लावायचा." साहेब, मंग कोणी लावायचा? जिले पॅड पायजे तिनं शिवायचं नाही, आणि जी शिवू शकते तिले पॅड नाही पायजे. मुख्याध्यापक सरांनी यावर उपाय म्हणून नोटीस काढली, की दर वर्गानं रोज एक 'बिनअडचणीची' मुलगी नेमावी, तिनं काढून आणावं. म्हणजे जी पोरगी नाही म्हणते, तिची पाळी आहे हे अख्ख्या वर्गाले माहीत.

४. सोमवारी प्रीतीले पॅड पायजे होतं, पण आणायले वर्गातली एकही पोरगी उठली नाही. बाईंनी मॉनिटर ऋषिकेशले पाठवलं. त्याले यातलं काही माहीत नाही, पाळीचा धडा आला की पोरांले खो-खो खेळायले काढून देतात. तो पॅड उंच धरून वर्गात आला आणि ओरडला, "कोणाले लागलं? पट्टी आणली!" प्रीती खाली मान घालून बसली. मंग तो पळत जाऊन डेटॉलही घेऊन आला. खरं सांगते, शाळेत काळजी तेवढ्या एकालेच वाटली. पण वर्ग हसला. प्रीतीनं घरी येऊन दप्तर फेकलं. मी बोलली तर म्हणे, "तूनं नाही सोडली शाळा?"

५. खरं आहे, मी सोडली. नववीत माझ्या बेंचवर डाग पडला. बाईंनी मलेच धुवायले लावलं. मी बादली त्यांच्या साडीवर ओतली आणि घरी आली, ती आलीच. दाखल्यावर 'घरगुती अडचण' लिहिलं आहे. घरी काहीच अडचण नव्हती साहेब. प्रीती माझ्याहून हुशार आहे, पण बादली ओतणारी नाही. ती गुपचूप घरी बसेल आणि कोणाले पत्ता लागणार नाही. शुक्रवारपासून तिची सहामाही आहे.

६. म्हणून काल मी स्वतः शाळेत गेली. नत्थूजीनं दारातच अडवलं, "पोरी, तुले अडचण नाही ना वं?" मी म्हटलं, "दुसरा दिवस आहे," आणि दोन्ही हात मशीनवर ठेवले. हार वाकडा होता, तोही सरळ केला. बटन दाबलं, पॅड निघालं. वीज पडली नाही. नत्थूजी "बाप्पा! बाप्पा!" करत गोमूत्र पाहायले गेले. सर म्हणाले, "आता ही मशीन ऑफिसात ठेवता येत नाही."

७. तरी नम्र विनंती, की सरांच्या या म्हणण्याले आपण शुक्रवारच्या आत लेखी मंजुरी द्यावी. मशीन माझ्या हातानं विटाळली आहे, तसा जबाब लिहून द्यायले मी तयार आहे. अशी विटाळलेली वस्तू ऑफिसात कशाले? पोरींच्या बाथरूमातली एक भिंत कोरडी आहे, तिच्यावर नेऊन टाकावी, दाराले कडी बसवावी, आणि पाळीचा धडा पोरांले बसवूनच शिकवावा.

८. कोणी मशीन शुद्ध करून परत फोटोखाली लावली तर फक्त कळवावं. मी जाईन. मले जमलं नाही तर मोहल्ल्यातली दुसरी पोरगी जाईल. आमच्या सगळ्यांच्या तारखा वेगवेगळ्या आहेत, महिना पूर्ण भरतो.

राग आहे तरी आपली नम्र,
मेघा ना. गजभिये
दि. ८ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) शाळेच्या नावाची चिठ्ठी.
२) मशीनमधून निघालेलं पॅड, नग एक, न वापरलेलं. पुरावा म्हणून. आपण हात लावला तरी चालते.